आम्ही राजकारणात पडत नाही

स्लावोय झिझेक हे स्लोव्हेनियाचे तत्त्वज्ञ. 1990 मध्ये ते तिथल्या अध्यक्षमंडळाच्या चार जागांच्या निवडणुकीत उभे राहिले आणि पाचवे आले. राजकारणावर माहितीपट करायला याहून मोठी पात्रता कुठली? सोफी फाइन्स यांच्या 'द पर्व्हर्ट्स गाइड टू आयडिऑलॉजी' (2012) या चित्रपटात हे गृहस्थ सव्वादोन तास नाक पुसत बोलत राहतात. तेही गाजलेल्या सिनेमांच्या सेटवर बसून: कधी 'टॅक्सी ड्रायव्हर'मधल्या खाटेवर, कधी 'फुल मेटल जॅकेट'मधल्या संडासात. विचारधारा जाहीरनाम्यात शोधू नका, असं ते सांगतात. मला विचारधारा नाही असं जो छातीठोकपणे म्हणतो, त्याच्याच खरेदीत आणि सवयींत ती ठाण मांडून बसलेली असते.

तेव्हा या चित्रपटाचा पुढचा भाग ओमानमध्ये, मस्कतच्या अल हैलमध्येच काढावा, अशी माझी सूचना आहे.

इथल्या कुठल्याही मराठी घरात जा, पहिलं वाक्य ठरलेलं: "आम्ही बाबा राजकारणात पडत नाही." ओमानमध्ये राजकीय पक्ष नाहीत. मजलिस अल शूराची निवडणूक होते, पण ती ओमानी नागरिकांची, आपण पाहुणे. त्यामुळे न पडण्यासाठी लागणारं सगळं राजकारण महाराष्ट्रातून मागवावं लागतं. शुक्रवारी सकाळी पोह्यांबरोबर ते सुरू होतं, आणि दुपारपर्यंत घरटी किमान एक सरकार पडलेलं असतं.

मूळ चित्रपटात झिझेक वाळवंटात उभे राहून कोक पितात. थंड असतो तोवर त्यात काहीतरी दिव्य असतं. कोमट झाला की उरतं ते गोड पाणी. आमच्या चित्रपटात कोकच्या जागी रुपया घेऊ. ओमानी रियाल 1986 पासून डॉलरला खुंट्यावरच्या म्हशीसारखा बांधलेला आहे, एक रियाल म्हणजे साधारण 2.6 डॉलर. म्हणजे रुपया डॉलरपुढे घसरला की रियालपुढेही घसरतो. आपला नायक सकाळी 'भारत महासत्ता होणारच' हा संदेश सोळा गटांवर पाठवतो आणि लगेच एक्सचेंजचं अ‍ॅप उघडतो. रुपया आपटलेला दिसला की चेहरा उजळतो. "आज रेट मस्त आहे, फ्लॅटचा हप्ता पाठवून टाकू." देशाचं नाणं पडल्याचा इतका निर्मळ आनंद शत्रूराष्ट्रालाही होत नसेल. त्याला ढोंगी म्हणू नका. दोन्ही भावना शंभर टक्के खऱ्या आहेत, आणि झिझेकना नेमकं हेच दाखवायचं असतं.

पुढचा प्रसंग पेट्रोल पंपावर. नायक महाराष्ट्र सरकारच्या लाडकी बहीण योजनेतल्या 1500 रुपयांवर संतापला आहे. "करदात्यांचा पैसा असा फुकट वाटायचा?" टाकी भरली जाते ती 95 च्या पेट्रोलने, लिटरला 239 बैसा. 2021 च्या नोव्हेंबरात ओमान सरकारने या दराला कमाल मर्यादा घातली. वरचा फरक सरकार सोसतं. ही रेवडी नव्हे, हे दूरदृष्टीचं धोरण. राहिला करदाता. ओमानमध्ये पगारावर आयकर नाही, आणि भारतात एनआरई ठेवीचं व्याज करमुक्त. मग हा संतापलेला करदाता नेमका कोण, ते कॅमेऱ्याने शोधावं. 2028 पासून इथे वर्षाला 42,000 रियालच्या वरच्या उत्पन्नावर 5 टक्के कर लागणार आहे. नायकाचा पगार त्याच्या अर्ध्यापर्यंतही पोचत नाही, पण काळजी मात्र तो पूर्ण रकमेची करतो.

झिझेक 'दे लिव्ह' या 1988 च्या सिनेमाचाही दाखला देतात. त्यात एक काळा चष्मा आहे. तो लावला की जाहिरातीमागचा खरा हुकूम दिसतो. त्या सिनेमातला नायक मित्राला चष्मा लावायला सांगतो, मित्र नकार देतो, आणि पाच मिनिटांहून जास्त वेळ नुसती हाणामारी चालते. फुकट मिळालेली दृष्टीही कुणाला नको असते. आमच्या कथेत हाणामारी होणार नाही. नायक गटातून 'लेफ्ट' होईल, आणि संध्याकाळी वहिनी त्याला परत 'अ‍ॅड' करतील.

सेन्सॉरची अडचण येईल. आम आदमी पक्षावरच्या 'अ‍ॅन इनसिग्निफिकंट मॅन' या माहितीपटासाठी सेन्सॉर बोर्डाने नरेंद्र मोदी, शीला दीक्षित आणि अरविंद केजरीवाल यांची ना-हरकत पत्रं मागितली होती. अपिलात ते टिकलं नाही आणि 2017 च्या नोव्हेंबरात चित्रपट लागला. मस्कतच्या माणसाला एनओसीचा धसका जुनाच. नोकरी बदलायला ती मालकाकडून आणावी लागे. ओमानने ही अट 1 जानेवारी 2021 पासून काढून टाकली. बोर्डाचं मुख्यालय मुंबईत आहे, तिथवर ही बातमी कुणीतरी पोचवावी.

शेवटचा प्रसंग 20 नोव्हेंबर 2024 चा. महाराष्ट्रात विधानसभेचं मतदान, आणि ओमानमध्ये त्याच दिवसापासून राष्ट्रीय दिनाची सुट्टी. शुक्रवार-शनिवार धरून सलग चार दिवस. मस्कत ते मुंबई विमानाने अडीच तास. महाराष्ट्र वाचवण्याबद्दल वर्षभर बोललेला आपला नायक त्या चार दिवसांत कुटुंबासह जबल अखदरच्या डोंगरावर होता. फोटो छान आले.

नायकाची भूमिका करायला अल हैलमध्ये उमेदवारांची कमतरता नाही, म्हणून निवडीला एकच अट ठेवली आहे: मतदारयादीत नाव हवं. परदेशस्थ भारतीयांना 2011 पासून ते नोंदवता येतं. अर्ज 6 अ ऑनलाइन आहे, शुल्क नाही. मतदानाला मात्र मूळ पासपोर्ट घेऊन स्वतः आपल्या केंद्रावर जावं लागतं.