बाजाराचा अभ्यास करा म्हणणाऱ्या साहेबांस

सन्माननीय साहेब,


परवा तालुक्याच्या शेतकरी मेळाव्यात आपण आम्हाला बाजारपेठ शिकवलीत, त्याबद्दल आधी आभार. ‘पिकवायचं आणि मग भावासाठी रडायचं, ही वृत्ती सोडा. बाजाराचा अभ्यास करा, मगच लागवड करा,’ असे आपण म्हणालात. मागून कोणीतरी ‘आणि सरकारनं कशाचा अभ्यास करायचा?’ असे विचारले. आपण हसून ‘प्रश्नोत्तरं शेवटी’ म्हणालात. शेवटी चहा आला. म्हणून हे पत्र.

साहेब, अभ्यास आम्ही केला होता. 8 डिसेंबर 2023 पासून कांद्याची निर्यात बंद झाली. अधिसूचनेत मुदत स्वच्छ लिहिलेली होती: 31 मार्च 2024. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारी हे उन्हाळ कांद्याच्या लागवडीचे दिवस. आम्ही हिशेब मांडला. आता लावलेला कांदा एप्रिलमध्ये निघणार, बंदी 31 मार्चला संपणार, तोवर बांगलादेश, श्रीलंका, दुबईचे खरेदीदार वाट बघत असणार. याहून बाजाराभिमुख लागवड आपल्या स्लाइडवरही नव्हती! उसनवारी करून मजुरी दिली, खते टाकली, रात्रीच्या विजेवर पाणी भरले. आणि 22 मार्चला, कांदा काढणीला आलेला असताना, नवी अधिसूचना निघाली: बंदी पुढील आदेशापर्यंत.

आता सांगा, यात आमचे नेमके काय वाचायचे राहिले? मागणी वाचली, हवामान वाचले, सरकारी राजपत्रसुद्धा वाचले. सरकार स्वतःची तारीख पाळत नाही, हे कोणत्या धड्यात होते?

बाकीच्या तक्रारी थोडक्यात. ऑगस्ट 2023 मध्ये चाळीत साठवलेला कांदा बाहेर निघायला लागला आणि 40 टक्के निर्यातशुल्क लागले. ऑक्टोबरअखेर टनाला 800 डॉलरचे किमान निर्यातमूल्य आले. एप्रिल 2024 मध्ये, आमच्यावर बंदी असताना, गुजरातच्या 2,000 टन पांढऱ्या कांद्याला वाट मोकळी झाली. मे महिन्यात बंदी उठली, पण 550 डॉलरची अट आणि 40 टक्के शुल्क लावून. 2020 ची आठवण तर फारच गोड आहे: कांद्याला जीवनावश्यक वस्तू कायद्याच्या जाचातून मोकळे करणारे विधेयक ज्या आठवड्यात लोकसभेने मंजूर केले, त्याच आठवड्यात कांद्याची निर्यात बंद झाली.

आणि अभ्यास दिल्लीतही होतो बरे! जुलै 2024 च्या आर्थिक पाहणी अहवालात लिहिले होते की निर्यातबंदी अपवादात्मक परिस्थितीतच करावी, विशेषतः माल धान्यासारखा अत्यावश्यक नसेल तर. कांद्यावरचे शेवटचे 20 टक्के शुल्क हटायला त्यानंतर 1 एप्रिल 2025 उजाडला. पुढचे व्याख्यान तिकडे ठेवता आले तर बघा.

आता भाव पडतो तेव्हाचे ऐका. फेब्रुवारी 2023 मध्ये सोलापूरच्या बाजारात एका शेतकऱ्याने 512 किलो कांदा विकला. हमाली, तोलाई, वाहतूक वजा जाता त्याच्या हाती 2 रुपयांचा धनादेश आला. त्या रात्री दिल्लीत कोणी अधिसूचना टाइप केली नाही. नंतर राज्याने क्विंटलला 350 रुपये अनुदान जाहीर केले, तेही 200 क्विंटलच्या मर्यादेत. भाव पडला की तुम्ही मुक्त बाजारपेठवाले. भाव चढला की तुम्हाला ग्राहक आठवतो. महागाई वाढली की तुमचा महागाई भत्ता वाढतो, वाढावाच. आमचा महागाई भत्ता म्हणजे वर्षातले ते चार आठवडे, जेव्हा कांद्याला भाव असतो. तेवढेच तुम्ही नेमके हेरून काढून घेता, आणि वर आम्हाला बाजार शिकवायला येता! शहरातल्या गरिबाला स्वस्त कांदा द्यायचाय? जरूर द्या. बाजारभावाने घ्या आणि फरक सरकारी तिजोरीतून भरा. आमच्या खिशातून दानधर्म कशाला? शेतकरी संघटनेचे शरद जोशी याला उणे सबसिडी म्हणायचे. चाकणच्या कांदा आंदोलनापासून शेतकरी सांगतोय, ‘भीक नको, हवे घामाचे दाम’. आणि तुम्ही अजून अनुदानाचे अर्जच वाटताय.

असो. आवाज चढला. खरे तर आपल्यावर फार वेळ रागावताही येत नाही. भाषणाआधी आपण मंडपामागे फोनवर गावाकडच्या भावाशी बोलत होतात. सोयाबीन विकू की ठेवू, असे तो विचारत असावा, कारण आपण तीनदा ‘अजून थोडं थांब’ म्हणालात आणि चौथ्यांदा ‘मला तरी काय कळतंय’. त्या एका वाक्यात आपल्या अख्ख्या भाषणापेक्षा जास्त अर्थशास्त्र होते. ते व्यासपीठावरून म्हणाला असता, तर टाळ्या मनापासून पडल्या असत्या. पण नोकरी आहे, वरून आलेल्या स्लाइड आहेत, समजते.

आमची मागणी एकच. अनुदान नको, हमीभावही नको. रोप टाकताना जो निर्यातीचा नियम असेल, तोच त्या पिकाचा कांदा चाळीतून संपेपर्यंत राहील, एवढे लेखी द्या. त्यानंतर भाव पडला तर आम्ही तोटा सोसू आणि आपल्या दारात येणार नाही. फायदा झाला तर आपणही आमच्या दारात येऊ नका.

कळावे. लोभ असो वा नसो, अधिसूचना नसावी.

आपला,
एक बाजाराभिमुख कांदा उत्पादक,
तालुका चांदवड