आवाजकाका

प्रत्येक सोसायटीत एक आवाजकाका असतात. सेक्रेटरीला निवडून यावं लागतं, आवाजकाका आपोआप होतात. नव्या टीव्हीचं खोकं लिफ्टमध्ये मावत नाही म्हणून जिन्यानं वर चढत असतं आणि ते तिसऱ्या मजल्यावर पोचायच्या आत काका चौथ्यावर दार उघडून उभे असतात. "किती इंची?" हा प्रश्न ते कधीच विचारत नाहीत. तो इतरांसाठी. काका विचारतात, "आवाजाचं काय ठरवलंय?"

आवाजाचं काही ठरवायचं असतं, हेच तोवर घरात कुणाला माहीत नसतं. पंचावन्न इंची घेतला, हप्ते सुरू झाले, कालनिर्णय दुसऱ्या भिंतीवर गेलं, एवढ्यात आपण खूश. काका आत येतात, चपला दाराशी काढतात आणि चित्राकडे ढुंकूनही न बघता टीव्हीच्या मागे मोबाईलचा टॉर्च मारतात. तिथल्या एचडीएमआयच्या तीन-चार खोबणींपैकी आवाज बाहेर नेणाऱ्या एकीवर बारीक अक्षरांत 'आर्क' लिहिलेलं असतं. ते दिसलं की काका "आहे" म्हणतात. त्याच्याआधी 'ई' असला तर दोनदा "आहे" म्हणतात. आपण उगाचच अभिमानानं बायकोकडे बघतो.

मग खोलीची तपासणी. छताकडे नजर जाते आणि काकांचा चेहरा पडतो. पीओपीच्या तीन पायऱ्या, मधोमध झुंबर. "तुमच्या इंटिरियरवाल्यानं अ‍ॅटमॉसची वाट लावली," ते जाहीर करतात. अ‍ॅटमॉसमध्ये वर तोंड केलेले स्पीकर आवाज छतावर आपटून आपल्या डोक्यावर आणतात, त्यासाठी छत सपाट हवं आणि फार उंच नको, हे ते समजावून सांगतात. डावीकडे भिंत आणि उजवीकडे उघडं स्वयंपाकघर दिसलं की आणखी एक सुस्कारा. "डावीकडचा आवाज भिंतीवरून परत येईल. उजवीकडचा आमटीत जाईल."

नव्या टीव्हीला वेगळा साउंडबार हवाच, हा काकांचा मूळ सिद्धांत मात्र खरा आहे. जुन्या टीव्हीला पोट होतं, स्पीकर आपल्याकडे तोंड करून बसलेला असायचा. टीव्ही सडपातळ झाले आणि स्पीकर गेले खाली नाहीतर मागे. "बातम्या देणारी बाई तुमच्याकडे बघून बोलते, पण ऐकते कोण? भिंत!" हे वाक्य काका दर वेळी नव्यानं सुचल्यासारखं म्हणतात.

ही विद्या काकांनी पुस्तकातून घेतलेली नाही. कॉलेजात असताना पुण्याच्या तपकीर गल्लीतून टीडीए २०३० नावाची आयसी आणून त्यांनी स्वतः अँप्लिफायर जोडला होता. त्याच्यावरचा स्पीकर रिकाम्या माठाच्या तोंडावर पालथा घातला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना बास ऐकू आला. घरच्यांना उन्हाळाभर गार पाणी मिळालं नाही, पण त्याची नोंद काकांकडे नाही. पुढे नव्वदच्या दशकात टू-इन-वनच्या खोक्यांवर पीएमपीओचे हजार-हजार वॅट छापून यायला लागले. तो क्षणभराचा, फुगवलेला आकडा. यंत्र सतत जे देऊ शकतं ते आरएमएस, आणि ते त्याच्या एक आणाही नसायचं. या फसवणुकीनं काका कायमचे सावध झाले. तेव्हापासून जगातल्या कुठल्याही आकड्याला त्यांचा एकच प्रतिप्रश्न असतो. मुलीला बघायला आलेल्या पाहुण्यांनी मुलाचं पॅकेज सांगितलं, तेव्हाही काकांच्या तोंडून निघून गेलं, "हे पीएमपीओ की आरएमएस?" मुलगा इंजिनिअर होता. त्यानं पीएफ वजा करून खरा आकडा सांगितला आणि लग्न ठरलं.

शोरूममध्ये काकांना सगळे ओळखतात. ते दारातून आत आले की जुने सेल्समन जेवायला जातात आणि नव्या पोराला पुढे करतात. पोरगा पाठ केलेलं म्हणतो, "सर, हा फाइव्ह पॉइंट वन पॉइंट टू."

"खरा की व्हर्च्युअल?"

"सर, सोबत कॅशबॅक आहे."

"सेंटर चॅनेल वेगळा आहे की डाव्या-उजव्यातून बनवलाय?"

"सर, ऑफर रविवारपर्यंतच आहे."

पोरगा मग कंपनीचा डेमो लावतो. पानावर पाऊस पडतो, जंगलात पाखरू उडतं, काचेचा चक्काचूर होतो. काका हात वर करून तो थांबवतात. "आमच्या घरी जंगल नाही," म्हणत ते खिशातून पेनड्राइव्ह काढतात. त्यात तबला आहे, बासरी आहे आणि एका मराठी नाटकाचा प्रवेश आहे. नाटकातल्या बायांचं बोलणं आणि तबल्याचा बायां हे दोन्ही वेगळे ऐकू यायला हवेत, अशी त्यांची कसोटी. तासाभरानं शोरूममधली इतर गिऱ्हाइकं काकांभोवती जमलेली असतात, त्यांच्या सल्ल्यानं दोन साउंडबार खपतात आणि काका फक्त एचडीएमआयची केबल घेऊन बाहेर पडतात.

काकांनी स्वतःच्या घरी बार बसवला तेव्हा मजल्यावरच्या सगळ्यांना कांदेपोह्यांचं आमंत्रण होतं. आधी व्याख्यान झालं. "पाच कानाच्या उंचीवर, एक वूफर, दोन डोक्यावर." पहिल्या खुर्चीतल्या आजी म्हणाल्या, "डोक्यावर कशाला रे? समोरचा काय बोलतोय ते कळलं तरी पुष्कळ." काकांनी त्यांना अजून एक डिश द्यायला सांगितली. मग दिवे मालवून हेलिकॉप्टर सोडण्यात आलं. "गेलं? मागून गेलं ना?" काका अंधारात प्रत्येकाला विचारत होते. सगळ्यांनी "गेलं, गेलं" म्हटलं. पोहे चांगले झाले होते.

वूफरच्या जागेवरून मात्र घरात संघर्ष झाला. बासचा आवाज कुठून येतो ते कानाला ओळखता येत नाही, म्हणून वूफर कुठंही ठेवला तरी चालतो, असं काका बोलून गेले. काकूंनी तो लगेच उचलून देवघराशेजारी ठेवला. पहिल्याच युद्धपटात बॉम्ब पडला आणि ताम्हनातली पळी थरथरून वाजायला लागली. काकू हात जोडून उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या वहिनी वर आल्या. "घरघंटी घेतलीत वाटतं? कितीला पडली?"

बारवर 'नाइट मोड' नावाचं बटण आहे. ते दाबलं की मोठे आवाज लहान होतात, बारीक आवाज मोठे होतात, आणि घरातली व शेजारची मंडळी झोपू शकतात. काकांच्या मते ते बटण म्हणजे दिग्दर्शकाचा अपमान. काकूंना त्या एकाच बटणाची जागा अंधारातही सापडते.

काकांच्या घरी सिनेमा बघणं हा वेगळाच अनुभव आहे. आपण पडद्याकडे बघतो, काका बारच्या इवल्या खिडकीकडे. तिथं 'अ‍ॅटमॉस' हे अक्षर उमटलं पाहिजे. नाही उमटलं तर सिनेमा थांबतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'पीसीएम' राहिलंय का, घेतलेल्या प्लॅनमध्ये अ‍ॅटमॉस आहे का, कुणी ऑप्टिकल केबल तर लावली नाही ना, कारण तिच्यातून ते येतच नाही, असा तपास चालतो. शेवटी अक्षर उमटतं आणि काका शांत होतात. नायक मरतो, नायिका रडते, काका शांतच असतात. नंतर कुणी विचारलं, "कसा वाटला सिनेमा?" तर उत्तर मिळतं, "कॉम्प्रेस्ड." ओटीटीवरचं अ‍ॅटमॉस आवळून पाठवलेलं असतं, खरं बिनघटीचं ब्लू-रेवर, हे ते पुढचा अर्धा तास सांगतात. बातम्यांच्या वेळी निवेदिकेचे ओठ आणि आवाज यांत त्यांना फरक जाणवतो, मग रिमोट घेऊन मिलिसेकंद वाढवणं-कमी करणं सुरू होतं. काकू म्हणतात, "अहो, ती काय म्हणाली?" काका म्हणतात, "आता जुळलं." ती काय म्हणाली ते दोघांनाही कळत नाही.

गेल्या पावसाळ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी काकांना बोलावून घेतलं. मुलानं परदेशातून येताना साधा, वूफर नसलेला बार आणून दिला होता. तरी आजोबांना मालिकेतलं बोलणं कळत नव्हतं. आवाज वाढवावा तर पार्श्वसंगीत अंगावर यायचं. काका मोजायची टेप घेऊनच गेले. बार टीव्हीच्या कपाटाच्या खोल कप्प्यात, आजोबांच्या औषधांच्या डब्यामागे बसवलेला होता. काकांनी डबा बाजूला केला, बार फळीच्या काठापर्यंत पुढे ओढला, बास दोन घरं खाली आणला आणि बोलणं ठळक करणारं बटण दाबलं. पडद्यावर सासू सुनेला टोमणा मारत होती. आजोबा टाळी देऊन म्हणाले, "असं म्हणाली होय! मी दोन महिने तिला सज्जन समजत होतो."

काका टेप न उघडता परत आले. त्या दिवसापासून आजोबा भेटेल त्याला काकांचं नाव सांगतात, मुलाला व्हिडिओ कॉलवर सांगतात, औषधाच्या दुकानातही सांगतात. काका स्वतः मात्र हा किस्सा कुणालाही सांगत नाहीत. त्यात एकही आकडा नाही.