जागेला स्थळं येतात

तळेगावच्या जनरल मोटर्सच्या कारखान्याइतका लग्नाळू कारखाना पंचक्रोशीत दुसरा नाही. 2008 साली थाटात उघडला. 2017 संपता संपता कंपनीनं भारतात गाड्या विकणं सोडलं, तरी हा बिचारा मेक्सिकोसाठी शेवरोले बीट घडवत राहिला. डिसेंबर 2020 मध्ये, ऐन नाताळच्या तोंडावर, तेही थांबलं. तोवर ग्रेट वॉलचं चिनी स्थळ सांगून आलेलं होतं. दिल्लीत पत्रिका जुळेना, 2022 मध्ये मोडलं. लगेच 2023 मध्ये कोरियाची ह्युंदाई दारात हजर! याद्या झाल्या: जमीन, इमारती, ठरावीक यंत्रसामग्री. माणसांचा रकाना यादीत नव्हता.

माणसांचं आधीच उरकलं होतं. एप्रिल 2021 मध्ये 1,419 कामगारांना ले-ऑफ मिळाला. घरी बायको याला 'काढलं' म्हणते, पण ती अडाणी. कायद्यानं ले-ऑफ म्हणजे तुम्ही कामावर आहात, फक्त काम नाही, आणि मूळ पगार अन् महागाई भत्ता निम्मा. घराच्या हप्त्याला ले-ऑफ देण्याची तरतूद बँकांनी अजून केलेली नाही. युनियन कोर्टात गेली. कोर्टात तारखा मिळतात.

मला खरं कौतुक यंत्राचं. 2008 साली बसवलेलं यंत्र आजही 'चालू स्थितीत' म्हणून मोल खातं. त्याच साली आयटीआय करून त्याच्याशेजारी उभा राहिलेला पोरगा आता चाकणला नोकरी मागायला जातो, तर एचआरवाला बायोडाटा न उलटताच विचारतो, "वय?"

"अडतीस."

"आम्ही ट्रेनी घेतो, काका."

अडतिसाव्या वर्षी काका! पुढच्या जन्मी लेथ मशीन व्हावं. निदान वेळेवर ऑइल तरी घालतात.

सरकारही स्वस्थ नाही. पूर्वी शंभर कामगारांच्या कारखान्याला टाळं ठोकायचं तरी परवानगी लागायची. मालकांची ही पायपीट न बघवून नव्या औद्योगिक संबंध संहितेनं ती मर्यादा तीनशेवर नेली. तेव्हा यापुढे हजेरीपटावर 299 हाच आकडा शुभ, असं आमचे ज्योतिषी सांगतात.

असो. 2025 मध्ये तळेगावातून पुन्हा गाड्या निघू लागल्या. हप्त्यावरही मिळतात. कर्जासाठी फक्त मागल्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा जोडायच्या.