टाकीत दोन टँकर

वाघोली 30 जून 2021 ला पुणे महापालिकेत आली. महापालिकेचं पाणी बहुधा अजून नगर रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकलंय. त्यामुळे इथल्या सोसायट्यांमध्ये दहा हजार लिटरच्या टँकरचा हिशेब चोख असतो. कुणी पाइप लावून गाडी धुतली, की पाच मिनिटांत फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर.

आता त्याच गाडीची टाकी बघू. पंपावरच्या साध्या पेट्रोलमध्ये हल्ली 20 टक्के इथेनॉल असतं. नीती आयोगाचा 2021 चा अहवाल सांगतो, उसापासून एक लिटर इथेनॉल करायला 2,860 लिटर पाणी लागतं. 35 लिटरची टाकी फुल्ल केली की सात लिटर इथेनॉल, म्हणजे वीस हजार लिटर पाणी. दोन टँकर! पाइपवाल्याला दंड, टाकीवाल्याला पावती. इथेनॉल मक्याचं आणि तांदळाचंही असतं म्हणा. पण आपल्या नोझलमधून कुठलं आलं, ते पंपावरच्या पोऱ्यालाही ठाऊक नसतं. सोलापूर-मराठवाड्यातल्या ज्या विहिरीतून ते पाणी उपसलं, ती तर कुठल्याच ग्रुपवर नाही.

‘मग इलेक्ट्रिक घ्या!’ घेतली. नंबरप्लेट हिरवी, धूर चंद्रपूरच्या कोळशाच्या वीजकेंद्रात. ग्रिडच्या एका युनिटमागे साधारण 700 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. तरी पेट्रोलपेक्षा बरी, हे मान्य. पण लाइट गेली आणि चार्जर जनरेटरवर टाकला, की हिरव्या प्लेटची गाडी सरळ डिझेल पिते.

बरं, कोळशाला पर्याय नाही असंही नाही. मार्च 2021 मध्ये राज्य वीज नियामक आयोगाने घरगुती ग्राहकालाही शंभर टक्के हरित वीज मागायची मुभा दिली. तेव्हाचा जादा दर युनिटमागे 66 पैसे. दोनशे युनिटला 132 रुपये. पिझ्झावर जादा चीज घेताना एवढा विचार कोणी करत नाही. किती जणांनी घेतली, ते ग्रुपवर विचारून बघा. एरवी ‘गुड मॉर्निंग’ला साठ उत्तरं येतात.

आता टाकीतून ताटात. साखर सोडून सेंद्रिय गुळावर आलेल्यांनीही फार फुशारू नये. ऊस तोच, पाणी तेच. ज्वारीला त्यामानाने नावापुरतं पाणी लागतं. भाकरी खा, उत्तमच. पण शेतकऱ्याने ती लावावी कशाला? उसाची एफआरपी, म्हणजे किमान दर, कायद्याने बांधलेली, न्यायला कारखान्याची टोळी दारात. ज्वारीचा हमीभाव जाहीर होतो, पण खरेदी केंद्र शोधत फिरायचं.

तेव्हा ‘ग्राहका, जागा हो’ हे कीर्तन पुरे. पाकिटावर एमआरपी छापायची सक्ती आहेच. शेजारी पाण्याचे लिटरही छापा, पंपाच्या पावतीवरसुद्धा. घासाघीस करायला पुणेकराला शिकवावं लागत नाही.