सहकुटुंब, सहपरिवार, सिंगापूर
(एकपात्री विनोदी प्रयोग)

(रंगमंचावर एक फळा, एक टेबल, टेबलावर उघडी ट्रॉलीबॅग. बोलणारा बंद गळ्याच्या कोटात, हातात छडी. आवाज क्रमिक पुस्तकाचा, चेहरा शेवटपर्यंत गंभीर. बोलता बोलता तो टेबलाखालून एकेक वस्तू काढून बॅगेत भरत राहतो. भरण्याकडे त्याचे लक्ष नाही.)

लहान मुलांसह परदेशातील निवांत सहल हा पर्यटनाचा अलीकडचा प्रकार आहे. त्याचे घटक चार : मुले, परदेश, सहल आणि निवांतपणा. यांपैकी पहिल्या तिघांचे आरक्षण करता येते.

संघटित सहलीचा इतिहास ५ जुलै १८४१ पासून सांगतात. त्या दिवशी टॉमस कुक या इंग्रज गृहस्थाने सुमारे ५०० माणसे लेस्टरहून लफबरोला रेल्वेने नेली आणि परत आणली. अंतर १२ मैलांच्या आसपास, म्हणजे आपल्या बुऱ्हाणपूरहून असीरगडाइतके. मंडळी दारूबंदीच्या सभेला निघाली होती. अंतर थोडे, मुक्काम नाही, सगळे शुद्धीवर. निवांत सहलीच्या साऱ्या अटी पहिल्याच खेपेला पुऱ्या झाल्या. पुढच्या पावणेदोनशे वर्षांत त्या एकेक करून गळाल्या.

बुऱ्हाणपूरची परंपरा मुळात उलट दिशेची. येथे परदेशी माणूस येतो. नोव्हेंबर १६१५ मध्ये इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो येथे शहजादा परवेझच्या भेटीला आला. नजराण्यात बाटल्यांची एक पेटी होती. शहजाद्याने पेटीची पाहणी इतक्या मनापासून केली, की ठरलेली खासगी भेट राहूनच गेली. रो येथे आजारी पडला आणि तशा प्रकृतीत पुढे अजमेरला गेला. त्याच्यामागून तावर्निए हा फ्रेंच जवाहिऱ्या येऊन गेला. येथल्या दर्गा-ए-हकीमीला आजही देशोदेशींचे बोहरा भाविक येतात. थोडक्यात, जगाने बुऱ्हाणपुरात येण्याची रीत ४०० वर्षांची आहे. बुऱ्हाणपूरकराने दोन मुले काखोटीला मारून जगात जाण्याची रीत अजून बसायची आहे.

(छडी फळ्यावर टेकवतो.)

विवेचनासाठी बुऱ्हाणपूरच्या इतवाऱ्यातले एक नमुना कुटुंब घेऊ. वडील पॉवरलूमच्या कापडाच्या व्यापारात. आई शिक्षिका. मुलगी साडेपाच वर्षांची, मुलगा २३ महिन्यांचा. शिवाय आजी. आजीचा समावेश मूळ योजनेत नसतो. तो होतो.

पहिला टप्पा देश ठरवण्याचा. वडिलांच्या मनात १९९५ पासून, म्हणजे ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ पाहिल्यापासून, स्वित्झर्लंड असते. इंटरलाकेन गावात यश चोप्रांचा पुतळाही बसलेला असल्याने हा हट्ट निराधार म्हणता येत नाही. आईची अट एकच : जिथे सकाळी उठून डबा करावा लागत नाही तो देश. मुलीची पसंती खंडव्याच्या मामीला. खंडवा परदेशात मोडत नाही, या तांत्रिक मुद्द्यावर तिची सूचना फेटाळली जाते. वास्तविक संपूर्ण बैठकीत निवांतपणाचा विचार केलेली ती एवढीच सूचना असते.

नेपाळ हा सर्वांत सोपा परदेश. भारतीयांना तेथे व्हिसा लागत नाही, पासपोर्टवाचून चालते आणि घड्याळ फक्त १५ मिनिटे पुढे करावे लागते. पण एवढ्या सोप्या देशाला शेजारी परदेश मानत नाहीत, आणि परदेश सहलीत शेजाऱ्यांचा वाटा दुर्लक्षून चालत नाही. युरोपचे विमान नऊ-एक तासांचे; मांडीवर २३ महिन्यांचा मुलगा. नऊ तास हा आकडा ऐकल्यावर वडिलांच्या मनातला स्वित्झर्लंड स्वतःच माघार घेतो. साडेपाच तासांचे सिंगापूर बिनविरोध निवडून येते.

तारीख ठरवण्याचे शास्त्र याहून सूक्ष्म आहे. दोन वर्षांखालच्या मुलाला विमानात स्वतंत्र आसन घ्यावे लागत नाही. थोड्या पैशांत ते आईच्या मांडीवर बसते. दोन पूर्ण झाली की आसन घ्यावेच लागते. जाताना २३ महिन्यांचा असलेला मुलगा मुक्कामात दोन वर्षांचा झाला, तर येताना त्याला तिकीट पडते. म्हणून अशा घरांत सहलीची तारीख हवामान, शाळेची सुट्टी आणि लग्नसराई पाहून ठरत नाही. बाळाचा जन्मदाखला पाहून ठरते. ‘मांडीवर’ या सोयीचा खरा अर्थ विमानात बसल्यावर उलगडतो. मुलगा १२ किलोचा असतो आणि त्याला ती मांडी नको असते.

पासपोर्ट प्रत्येक मुलाचा वेगळा. अर्जासोबत आई-वडील दोघांच्या संमतीचे जोडपत्र द्यावे लागते. पती-पत्नीचे एखाद्या बाबतीत एकमत असल्याचा बहुतेक घरांतला हा एकमेव लेखी पुरावा होय. चार वर्षांखालच्या मुलाचा फोटो घरून न्यावा लागतो, आणि येथे थोडे थांबणे आवश्यक आहे.

(बॅगेत कोंबत असलेला पांढरा पलंगपोस तो बाहेर काढतो आणि स्वतःच्या डोक्यावरून पांघरून खुर्चीवर बसतो. पलंगपोसाच्या आतून बोलणे चालू.)

नियम असा : पार्श्वभूमी पांढरी, डोळे उघडे, तोंड बंद, मान सरळ, चौकटीत दुसऱ्या कोणाचे बोटही नको. २३ महिन्यांचे मूल यातल्या कोणत्याही दोन अटी पाळते. कोणत्या दोन, ते दर सेकंदाला बदलते. शनवाऱ्याच्या स्टुडिओत यासाठी प्रस्थापित पद्धत आहे. आत्या खुर्चीवर बसते, तिच्यावर पांढरा पलंगपोस, त्यावर बाळ. आत्या म्हणजे पार्श्वभूमी. फोटोग्राफर किल्ल्यांचा जुडगा वाजवतो : डोळे उघडतात, तोंडही उघडते. मुलगी मागून नाचून दाखवते : मान वळते. आजी म्हणते, “भूक लागली असंल त्याला,” आणि बिस्कीट देते : तोंड बंद होते, पण भरलेले. पाऊण तासाने मूल थकून समोर बघत राहते. तेवढा एक क्षण मिळतो. पासपोर्टवर ते घरावर जप्ती आलेल्या माणसासारखे दिसते.

(पलंगपोस काढून, घडी घालून बॅगेत. पुन्हा गंभीर.)

सिंगापूरचा व्हिसा लागतो. तो अधिकृत एजंटामार्फत ऑनलाइन होतो. याहून अधिक विनोद त्यात नाही.

आता सामान. सहलीतले सर्वांत मोठे शास्त्र हेच. मोठ्यांचे कपडे बॅगेच्या तळाशी जातात आणि परत येईपर्यंत तेथेच राहतात. वरचा सर्व प्रदेश मुलांचा आणि खाऊचा. सहल दिवाळीच्या सुट्टीत असल्यास फराळ अटळ. येथे एका गोष्टीकडे लक्ष वेधणे भाग आहे, कारण ती गमतीची नाही. सिंगापुरात खसखस आणण्यास बंदी आहे. तेथे तिची गणना अफूच्या झाडाच्या बियांत होते, आणि ती असतेही त्याच झाडाची. दुबईतही हीच स्थिती. म्हणजे कोणत्याही मराठी घरातून निघालेला अनारशांचा डबा कायद्याच्या दृष्टीने अमली पदार्थांच्या खात्याचा विषय होतो. आजीला हे समजावण्याची सुरक्षित पद्धत अजून कोणाला सापडलेली नाही. “अनारशाला पकडतात?” एवढेच ती विचारते. मग एकेका अनारशाची खसखस टोकदार नखाने काढायला बसते. अनारसे घरीच ठेवणे श्रेयस्कर.

सुक्या खोबऱ्याची वाटी दुसरी संशयित. विमान वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत तेलकट सुके खोबरे आपोआप पेट घेऊ शकणाऱ्या पदार्थांत मोडते. पिढ्यान्‌पिढ्या जी वाटी फडताळात थंडपणे बसून आहे, तिच्या अंगात हे गुण आहेत हे घरच्यांना विमानतळावर कळते. च्युइंगगमला सिंगापुरात १९९२ पासून बंदी. बुऱ्हाणपूरचा दराबा हा गोड पदार्थ मात्र कोणत्याही यादीत आढळत नाही. त्याचे दोन डबे जावेत. एक तेथे खाण्यासाठी, दुसरा मुंबईपर्यंत.

औषधांत तापाचे सिरप, ओआरएसची पाकिटे, थर्मामीटर आणि डॉक्टरांची चिठ्ठी असावी. भारतीय प्लगच्या पिना तिथल्या भिंतीत जात नाहीत. सिंगापूरच्या सॉकेटची भोके चौकोनी असतात. ॲडॅप्टर हवाच. ही वस्तू प्रत्येक कुटुंब आठवणीने घेते आणि आठवणीने हॉटेलात विसरते.

प्रवासाचा आरंभ विमानतळावर होतो, हा मोठ्या शहरांतल्या लेखकांचा समज. बुऱ्हाणपूरला विमानतळ नाही. परदेशी विमानांचा जवळचा तळ इंदूरचा, १८० किलोमीटरवर. इंदूरहून पहिले आंतरराष्ट्रीय विमान १५ जुलै २०१९ रोजी दुबईला उडाले. पण इंदूर-इच्छापूर रस्त्यावर घाट लागतो आणि घाटात मुले लागतात. म्हणून बहुतेक कुटुंबे बुऱ्हाणपूरच्याच लालबागच्या स्टेशनावरून रात्रीची मुंबईची गाडी धरतात. सुमारे ५०० किलोमीटर, आठ-नऊ तास. मुंबईहून सिंगापूर साडेपाच तास. वेळेच्या हिशेबाने बुऱ्हाणपूरकराला सिंगापूरपेक्षा मुंबई लांब आहे. नवल इतकेच, की या आठ-नऊ तासांत मुले शांत झोपतात. वरच्या बर्थवर चढणे, उतरणे, खिडकी, चहावाला : त्यांची सहल भुसावळपर्यंत पूर्णही होऊन गेलेली असते. पुढचा सगळा खर्च मोठ्यांच्या हौसेचा.

विमान खाली येऊ लागले की लहान मुले रडतात, आणि त्याला शारीरिक कारण आहे. घसा आणि मधला कान जोडणारी नळी मुलांत आखूड आणि जवळजवळ आडवी असते. केबिनचा दाब बदलतो तसा कानातला दाब चटकन बदलत नाही. पडद्यावर ताण येतो. गिळताना ही नळी उघडते. म्हणून विमान उतरायला लागताच, चाके टेकण्याच्या अर्धा-एक तास आधीपासून, मुलाला दूध, पाणी किंवा चघळायला काहीतरी द्यावे. उपाय सिद्ध आहे. अडचण एवढीच, की पाच तास किंचाळलेले मूल नेमके उतरायला अर्धा तास असताना झोपते, आणि त्याला उठवायला एकही प्रौढ तयार नसतो. आजूबाजूच्या तीन रांगाही नसतात.

(बॅगेवर बसून घेतो. बॅग अजून उघडीच.)

मुक्कामाच्या आखणीत दोन पंथ आहेत. पहिला टूरवाल्यांचा : सहाला उठणे, सातला नाश्ता, आठला बस. मोठ्यांसाठी तो उत्तम आहे. भरपूर पाहून होते. लहान मुलांच्या बाबतीत त्याचा निभाव लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या शिफारशीप्रमाणे एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी ११ ते १४ तास झोप हवी. त्यातून जेवणे, अंघोळ, कपडे बदलणे, बदललेले कपडे पुन्हा बदलणे आणि ‘मला नाही यायचं’ हा कार्यक्रम वजा केला, तर स्थळदर्शनाला अडीच तास उरतात. म्हणून दुसरा पंथ सांगतो : दिवसाला एकच स्थळ, तेही सकाळी, दुपारी खोलीवर परत. प्रस्तुत विवेचन याच पंथाचे आहे. उरलेली स्थळे पाहायची राहिली तर राहू द्यावीत. ती १० वर्षांनीही तिथेच असतील. मुले तेव्हा अडीच तासांऐवजी मोबाइल घेऊन येतील.

घड्याळाचा प्रश्न हलका, पण खर्चिक आहे. सिंगापूर भारतापेक्षा अडीच तास पुढे. मुलगा सवयीने बुऱ्हाणपूरच्या साडेसातला उठतो तेव्हा तेथे १० वाजलेले असतात आणि हॉटेलची फुकट न्याहारी आवरत आलेली असते. तिचे पैसे खोलीच्या भाड्यात आधीच दिलेले आहेत, हे वडिलांना माहीत असते. त्या वेळी कुटुंब ज्या वेगाने लिफ्टकडे धावते, तो वेग संपूर्ण सहलीत पुन्हा दिसत नाही.

सिंगापूरच्या चांगी विमानतळाशेजारी ज्युएल या इमारतीत छतातून ४० मीटर खाली कोसळणारा धबधबा आहे. घरात बसवलेल्या धबधब्यांत तो जगात सर्वांत उंच. मुलगा त्याच्याकडे एकदा पाहतो. मग स्वच्छतागृहात हात वाळवायचे यंत्र सापडते : हात घातला की गरम वारा, काढला की बंद. त्यात २५ मिनिटे जातात. प्राणिसंग्रहालयात ओरांगउटान डोक्यावरून झुलत जातो, मुलगी वाकून मुंग्यांची रांग पाहते आणि विचारते, “या मुंग्या परदेशी आहेत का?” यात मुलांचा दोष नाही. साडेपाच वर्षांच्या माणसाला ओरांगउटान आणि मुंगी सारख्याच नव्या असतात. फक्त मुंगी हाताच्या अंतरावर असते. आजी लिटिल इंडियात, सेरंगून रस्त्यावर, इडली खाऊन तृप्त होते आणि जाहीर करते, “इथलं सिंगापूर बरं आहे.”

पावसाचे वेगळे नियोजन नको. विषुववृत्त १३७ किलोमीटरवर असल्याने तो वर्षभर पडतो. हॉटेलला पोहण्याचा तलाव असेल तर बाकी काही नसले तरी चालते. मुले दिवसभर त्यातच राहतात. तेवढा वेळ काठावरच्या खुर्चीत पाय पसरून बसलेला प्रौढ दुरून निवांत भासतो. जवळून पाहिल्यास तो डोकी मोजत असतो.

खरा निवांतपणा दुपारी एक ते तीन. मुले झोपलेली, पडदे ओढलेले, दिवा लावायचा नाही, बोलायचे नाही, चिप्सचे पाकीट फोडायचे नाही. पाकिटाचा आवाज मुलांच्या झोपेत थेट पोहोचतो. या काळात पती-पत्नी न्हाणीघरात जाऊन दार लावून बसतात. आई बाथटबच्या कडेवर, वडील कमोडचे झाकण लावून त्यावर. किटलीतला चहा दोन कागदी कपांत. संसारातल्या बऱ्याच गोष्टींचा निकाल येथे लागतो : मुलीची शाळा, दुकानाची उधारी, आजीचा गुडघा, दराब्याचा उरलेला डबा. सहलीसाठी भरलेली संपूर्ण रक्कम या दोन तासांची आहे, असे एक मत आहे. ते योग्य वाटते.

परतीनंतर घड्याळ उलटे फिरते. तेथे सातला उठायला शिकलेली मुले बुऱ्हाणपुरात पहाटे साडेचारला ताजीतवानी उठतात. हे काही दिवस चालते. शेजाऱ्यांना सहलीची माहिती याच मार्गाने मिळते.

दुसऱ्या सहलीचा विषय साधारण चार-साडेचार वर्षांनी निघतो. मोठ्यांचा पासपोर्ट १० वर्षांचा, मुलांचा ५ वर्षांचा. प्रवासाच्या दिवशी पासपोर्टची किमान ६ महिने मुदत शिल्लक असावी, असा अनेक देशांचा नियम आहे. कपाटातून पासपोर्ट निघतात तेव्हा मुलांच्या मुदतीला बहुधा ५ महिने उरलेले असतात, आणि आत्याला निरोप जातो.

(पडदा.)