सर्व्हिस रीस्टार्ट करा, तज्ज्ञ व्हा

सणसरच्या शिवारात रात्रीची लाईट आल्यावर ज्याने उसाची मोटर चालू केलीय, त्याला लिनक्सच्या सर्व्हिसेस सांभाळायला वेगळं शिकवावं लागत नाही. तरी नवशिक्यांसाठी हे धडे. ध्येय एकच: बिघाड न शोधता गाडा हाकणे.

१. लॉग बघू नका. बिघाडाचं कारण तिथेच लिहिलेलं असतं, आणि एकदा वाचलं की निस्तरणं आलं. थेट 'सिस्टमसीटीएल रीस्टार्ट' मारा.

२. स्टॉप म्हटल्यावर धीर धरा. सिस्टमडी हा सालस मॅनेजर. आधी सिगटर्म धाडतो, म्हणजे 'आवरा आता'. मग सहसा ९० सेकंद थांबतो. तुकोबांच्या पालखीचा सणसरचा मुक्काम हलतो तेव्हा राहुट्या-भांडी गोळा करायला वेळ लागतोच की. तेवढ्यातही नाही आवरलं तर सिगकिल. सर्व्हिस पोराबाळांसकट खलास, अर्धवट लिहिलेली फाईल तशीच. वाईट वाटतं, पण चहा घ्या.

३. युनिट फाईलमध्ये 'रीस्टार्ट=ऑलवेज' लिहा. हा आपल्या स्टार्टरवरचा ऑटोच. मालक घरी घोरतोय, लाईट आली की मोटर आपली चालू. विहिरीत पाणी आहे का, हे ऑटो विचारत नाही. लाईट येताच साऱ्या मोटरी एकदम उठतात, डीपीवर लोड येतो, म्हणून महावितरण सांगून थकलं की ऑटो काढा, कपॅसिटर बसवा. तुम्ही काढलात? मग इथे कशाला सोवळं? मात्र सर्व्हिस तुम्ही स्वतः स्टॉप केलीत, तर हा ऑटो तिला उठवत नाही. एवढी समज स्टार्टरला कुठली!

४. आता मॅनेजरचं एक वैगुण्य. १० सेकंदांत ५ वेळा उठवूनही सर्व्हिस पडलीच, तर सहाव्यांदा हा हात वर करतो. दोन प्रयत्नांमध्ये तो मुळात १०० मिलिसेकंदच थांबतो, त्यामुळे या पाची खेपा बघता बघता आटोपतात. आपण असे कच्चे नाही. डीपीचा फ्यूज पुन्हा उडाला की आपण आणखी जाड तार घालतो. इथली जाड तार म्हणजे 'स्टार्टलिमिटइंटरव्हलसेक=०'. घाला आणि पंख्याचा आवाज ऐकत बसा.

५. सगळं सुरळीत झालं की गिऱ्हाईकाला रुबाबात सांगा, "झालं काम." नेमकी तेव्हाच लाईट जाईल. तासाभराने येईल. शिवारातल्या मोटरी एका दमात गुरगुरतील, तुमचा कॉम्प्युटरही उठेल. सर्व्हिस तेवढी उठणार नाही. तुम्ही नुसतं 'स्टार्ट' केलं होतं, 'एनेबल' राहिलं.