अबलक बॉनेट

मार्गशीर्ष पौर्णिमेला सारंगखेड्यात तापीकाठी एकमुखी दत्ताची यात्रा भरते, आणि तिच्याबरोबर घोड्यांचा बाजार. या बाजारात गिऱ्हाईक घोड्याला ज्या नजरेने बघतं, त्या नजरेने त्याने स्वतःचा जावईही पाहिलेला नसतो. ओठ उचकून दात बघायचे, गळ्यावर देवमणाचा भोवरा आहे का ते शोधायचं, चारही खूर उचलायचे, रेवाल चालवून बघायचं. अंगावरून हात फिरवायचा तोही केसांच्या कलाने. कुणी उलटा फिरवलाच, तर मालक हसतमुखाने पण ठाम सांगतो, "भाऊ, जरा जपून."

एवढी पारख करून हा माणूस निंबाच्या सावलीत लावलेल्या आपल्या पांढऱ्या, घोडेवाल्यांच्या भाषेत नुकऱ्या, एसयूव्हीकडे परततो. बॉनेटवर मधाच्या रंगाचे सात-आठ थेंब. त्यातला एक वाटाण्याएवढा. त्यात मुंगी रुतलेली आणि तिचा एक पाय अजून हलतोय. सोबतचा म्हणतो, "आप्पा, नुकरा लावी गयथा, अबलक झाया!" आप्पांना विनोद आवडत नाही. ते खिशातून किल्ली काढतात आणि खरवडायला लागतात.

घोड्याला उलटा हात चालत नाही, गाडीला मात्र किल्ली चालते.

गाडीच्या रंगावरचा जो पारदर्शक थर असतो, ज्याला गॅरेजवाले लॅकर म्हणतात, तो साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा असतो. माणसाचा केस सहसा याहून जाड. म्हणजे आप्पा किल्लीने जे काढताहेत त्यात डिंक किती आणि लॅकर किती, हे बॉनेटच जाणे. तोवर भोवती माणसं जमलेली असतात, आणि सल्ला फुकट असल्यामुळे तुटवडा पडत नाही. एक म्हणतो ब्लेड मारा. दुसरा म्हणतो रॉकेल. तिसरा थिनर सुचवतो. थिनरने डिंक जातो की नाही ते सोडा, पण बॉनेट मागच्या वर्षी ठोकल्यावर गल्लीतल्या पेंटरकडून रंगवून घेतलेलं असेल, तर रंग मात्र नक्की जातो. चौथा टूथपेस्ट आणायला धावतो. टूथपेस्टमध्ये दात घासण्यासाठी बारीक खर असते, हे त्याला माहीत असतं. बॉनेटला दात नसतात, एवढंच त्याच्या लक्षात येत नाही. नारळाचा काथ्या आणि लिंबू हे पाचव्या-सहाव्याचे.

गंमत अशी की याच माणसांच्या भाषेत या चिकटपणाची अख्खी प्रतवारी तयार आहे. बाभूळ, निंब, धावडा यांचा तो डिंक. सालईची ती राळ. आंबा, पपई, केळीचा तो चीक. केळीचा चीक शर्टावर पडला तर शर्ट शेतात घालायलाच राहतो, हे इथे शहादा तालुक्यात पोरालाही ठाऊक. पपईच्या चिकातल्या पपेनची करामत तर स्वयंपाकघरात रोज चालते: मटण निबर निघालं की कच्च्या पपईची फोड टाकतात. कपाशीवर माव्याने जो साखरपाक सांडलेला असतो तो चिकटा. चार वेगळ्या वस्तू, चार शब्द. गाडीवर पडलं की मात्र सगळं एकच, आणि त्यावर औषधही एकच: किल्ली.

प्रतवारी कामाची असते. बाभळीचा किंवा धावड्याचा डिंक पाण्यात फुगतो, विरघळतो. शाळेत वह्यांना कव्हरं चिकटवण्यापुरता तो सर्वांनी विरघळवलेला आहे. त्याला थिनर कशाला, कोमट पाणी पुरतं. राळेचं तसं नाही, ती पाण्याला पुरी दाद देत नाही, तिला स्पिरिट लागतं. आणि आंब्याखाली गाडी चिकट झाली असेल, तर बहुतेक वेळा दोष आंब्याचाही नसतो. मोहोरावरचे तुडतुडे रस पिऊन पोटातली जादा साखर खाली टाकतात. ती कुणाची विष्ठा आहे हे कळल्यावर काचेवर बोट फिरवून "मध दिसतोय" म्हणणाऱ्यांचं तोंड बघण्यासारखं होतं.

तरी शिव्या खातं ते झाडच. "हे झाडच काढून टाका," असा ठराव बॉनेटभोवती एकमताने मंजूर होतो.  खरी अडचण डोक्याच्या वरच टांगलेली असते. झाड डिंक सोडतं ते बहुधा जखम झाली की. ती बुजवायची त्याची स्वतःची मलमपट्टी असते. आणि निंबाच्या खोडात, फांदीत चार-चार इंची खिळे कशाचे आहेत? 'यात्रेकरूंचे सहर्ष स्वागत' या फलकाचे. फलकावर हात जोडून उभे असलेले स्वागतोत्सुक म्हणजे साक्षात आप्पा. खिळ्याच्या भोकातून सोनेरी ओघळ निघून थेट आप्पांच्या फोटोतल्या जाकिटावर उतरलेला, आणि तिथून पुढे त्यांच्याच बॉनेटवर. जिल्हा नियोजनाचा निधी इतक्या सरळ रेषेत कधी पोचला नसेल.

सकाळी घरून निघताना आप्पांनी थंडीचा म्हणून डिंकाचा लाडू खाल्लेला असतो, तो वेगळा.

शेवटी शेजारच्या दावणीचा मोतद्दार उठतो. घोड्याच्या शेपटीत गोखरू अडकलं की ओढायचं नसतं, आधी ओलं करून सैल करायचं, हे त्याच्या हातात बसलेलं. तो आधी बादलीभर पाणी ओतून बॉनेटवरची धूळ वाहून घालवतो, कारण यात्रेतल्या धुळीत तापीची वाळू असते आणि कोरडं फडकं फिरवलं की तीच पॉलिशपेपर होते. मग चहावाल्याकडून पाणी आणतो. उकळतं नव्हे, बोट बुडवता येईल असं. मऊ फडकं त्यात भिजवून थेंबांवर ठेवतो आणि पाच मिनिटं बिडी पेटवायला बाजूला जातो. फडकं निवलं की पुन्हा भिजवतो. तिसऱ्या खेपेला वाटाण्याएवढा थेंब पांढुरका, लिबलिबीत होऊन मुंगीसकट फडक्याला लागून येतो.

दोन डाग राहतात, ते पाण्याला दाद देत नाहीत. त्यांना आप्पांच्या डॅशबोर्डात करोनापासून पडून असलेल्या सॅनिटायझरची बाटली कामी येते. मोतद्दार बिडी आधी विझवतो, मग दाराच्या आतल्या बाजूला एक ठिपका लावून रंग सुटतो का बघतो. कापसाचा बोळा अर्धा मिनिट डागावर टेकवायचा, हलक्या हाताने टिपायचा, बोळा बदलायचा. चोळायचं नाही, आणि बॉनेट उन्हाने तापलेलं असताना तर नाहीच. नंतर पुन्हा पाणी. "मेण मारा घरी गेल्यावर," तो सांगतो, "स्पिरिटनं वरचं मेण निघून जातं."

डाग जातात. किल्लीच्या अकरा रेघा राहतात. त्या मात्र पाण्याने फुगत नाहीत की स्पिरिटला बधत नाहीत. त्यांच्यासाठी शहाद्याला रबिंगवाल्याकडे जावं लागेल. आप्पा मोतद्दाराला पन्नासची नोट देतात आणि ड्रायव्हरला हाक मारतात, "गाडी सावलीतच राहू दे रे, मी जरा ती कुमैत घोडी बघून येतो." तोवर झाडावर शिडी लागलेली असते. फलक जरा तिरका झाला होता, तो सरळ करायला कार्यकर्ता हातोडी घेऊन वर चढलाय.